राहूच्या समुद्रातली कमान

दिपोटी, म्हणजे शिक्षणखात्याचे तपासनीस साहेब, शाळा तपासून गेले की गावात दोन गोष्टी मागे राहतात. एक, हौसराव आप्पांच्या घरच्या पंगतीचं खरकटं आणि दुसरी, शेरेबुकातला शेरा. खरकटं दुसऱ्या दिवशी निघतं. शेरा निघत नाही. तो शाळेच्या पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवला जातो आणि तिथून मास्तरांना वर्षभर टोचत राहतो.

राहू गावच्या शाळेत सत्तावन्न सालच्या माघात पडलेला शेरा असा होता: "सहावी. भूगोल. विषय: सागरी कमानी व सागरी स्तंभ. शिक्षकांनी पुस्तक स्पष्ट वाचले. मुलांना काही दिसले नाही."

इसहाक मास्तरांनी हा शेरा इतक्या वेळा वाचला, की त्यातल्या पूर्णविरामांशीसुद्धा त्यांचं वैर जडलं. पहिल्या तीन तुकड्यांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. चौथाही एक प्रकारे गौरवच होता. मिशन बोर्डिंगात वाढलेल्या माणसाचं वाचन स्पष्ट असणारच. पण "मुलांना काही दिसले नाही" म्हणजे काय? समुद्र राहूपासून शे-दीडशे मैलांवर. राहूत दिसतो तो ऊस, उसामागे पाट आणि पाटामागे पुन्हा ऊस. यात समुद्रातली कमान मुलांना दिसली असती, तर मास्तरांनी आधी त्यांचे डोळे तपासून घेतले असते.

बरं, शेरा नुसता मानापमानाचा असता, तर मास्तरांनी तो ख्रिस्ती सहनशीलतेनं गिळलाही असता. पण त्याच भेटीत गावानं सातवीचा वर्ग मागितला होता. राहूची शाळा सहावीपर्यंतच. पुढं सातवीच्या फायनल परीक्षेला बसायचं तर सात-आठ मैल यवत गाठायचं. मुलगे जात, रडत-रखडत का होईना, पण मुलींचं शिक्षण सहावीच्या शेवटच्या पेपरला संपे. आणि पुढच्या वर्षी सहावीत अकरा मुली येणार होत्या. त्यांत कोंडिबा गवंड्याची नात सरू होती. ती नकाशात नद्या अशा काढी, की मास्तरांना स्वतःच्या नद्या पुसाव्याशा वाटत. सातवीच्या अर्जावर दिपोटी एवढंच म्हणाले होते, "शाळेचा दर्जा पुढच्या वर्षी पाहू." याचा गावानं लावलेला अर्थ सरळ होता: मास्तरांच्या भूगोलानं सातवी बुडवली.

हा अर्थ हौसराव आप्पांनी चावडीवर बोलून दाखवला. आप्पा सोसायटीचे चेअरमन, शाळा कमिटीचे अध्यक्ष आणि गावातल्या एकमेव चालू इंजिनाचे मालक. त्यामुळे त्यांचं बोलणं सहसा कुणी मधे तोडत नसे.

"मास्तर, आमाला कळत न्हाई म्हणून इचारतो," आप्पा म्हणाले, "ती समुद्रातली कमान तुमी तरी बघितलीय का?"

"बघितलीय का म्हणजे?" मास्तर ताठ होऊन म्हणाले, "या डोळ्यांनी बघितलीय."

आता हे खोटं नव्हतं. ते खरं होतं असंही म्हणवत नाही. शिरूरच्या बोर्डिंगात मास्तर दहा वर्षांचे असताना एकदा उपासनेनंतर पडद्यावर जादूच्या कंदिलातून काचेवरची चित्रं दाखवली होती. यरुशलेम, यार्देन नदी, मग काही खजुराची झाडं, आणि मधेच कुठलं तरी परदेशी समुद्राचं चित्र: पाण्यात उभी दगडाची प्रचंड कमान आणि तिच्यापासून तुटून एकटा उभा असलेला खांब. ती काच अडकली, त्यामुळे हे चित्र बाकीच्यांपेक्षा बराच वेळ पडद्यावर राहिलं. पडदा वाऱ्यानं हलत होता. म्हणजे हलणारा समुद्र मास्तरांनी पाहिला होता, असं ओढूनताणून म्हणता आलं असतं.

हे सगळं एकाच माणसाला माहीत होतं. ती म्हणजे राहेलबाई, मास्तरांची बायको.

"पडद्यावर पाहिलं म्हणजे पाहिलं का?" त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "मग मीही यरुशलेम पाहिलंय. उद्या कुणी खोलात जाऊन विचारलं तर काय सांगाल?"

"कोण विचारणार आहे? राहूत समुद्र पाहिलेला दुसरा माणूस आहे का?" मास्तर म्हणाले. "आणि पुढच्या खेपेला मी वाचून दाखवणारच नाही. मी समुद्रच दाखवणार."

राहेलबाईंनी भाकरी उलटली. लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या असल्या वाक्यांवर बाईमाणूस भाकरीच उलटतं.

मास्तरांची योजना साधी होती. सगळ्या मोठ्या संकटांच्या योजना सुरुवातीला साध्याच असतात. शाळेमागं एक खोलगट खड्डा होता. घरांसाठी माती नेऊन नेऊन गावानंच तो पाडला होता. त्याच्या एका बाजूला उभी दरड. दरडीला लागून मातीची छोटी कमान करायची, खड्ड्यात पाणी सोडायचं, लाटा उठवायच्या. पाणी आपटून कमानीचं छत कोसळेल आणि पुढचा पाय एकटा पाण्यात उभा राहील. तोच सागरी स्तंभ. दिपोटी बघतील, मुलं बघतील आणि शेरा धुऊन निघेल.

पौष लागता लागता पहिली कमान मास्तरांनी स्वतःच्या हातानं केली. पाण्याची पहिली बादली ओतली तेव्हा कमान, खडक आणि स्तंभ हे तिन्ही एकदम चिखल झाले. शेजारच्या रतनबाई म्हशीला पाणी दाखवून परतत होत्या. त्या थांबून बघत राहिल्या.

"मास्तर, चूल करताय का?" त्यांनी आपुलकीनं विचारलं.

म्हणजे दगड लागणार होता, आणि दगड म्हटलं की राहूत कोंडिबा. कोंडिबा गवंडी सत्तरीला टेकला होता. पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरी त्याच्या हाताच्या. विहिरीच्या तोंडाशी मोटेसाठी जी कमान लागते ती बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या बापाच्या कमानी अजून उभ्या होत्या, आज्याच्याही होत्या. मास्तरांनी त्याला पुस्तकातलं चित्र दाखवलं. कोंडिबानं ते लांब धरून, जवळ धरून, उलटं धरून पाहिलं.

"कुणाचं काम हाय?"

"कुणाचंच नाही. समुद्रानं केलंय. लाटा दगड कोरत जातात आणि अशी कमान तयार होते."

"गवंड्याबिगर?" कोंडिबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मधला दगड कुणी बसवला मग? तोल कसा धरला?"

"तोलच धरत नाही. म्हणून तर शेवटी पडते. आपल्याला तेच दाखवायचंय. तुम्ही कमान अशी बांधा, की पाणी लागलं की पडली पाहिजे."

 कोंडिबानं पुस्तक मिटून मास्तरांच्या हातात दिलं.

"मास्तर, सोताच बांधायची आन् सोताच पाडायची, असला कारागीर आमच्यात आसता तर त्याला वाळीत टाकला आसता. आमच्या घरातली एक कमान आजपातुर पडलेली न्हाई. तुमी मला पडायची कमान बांधाया सांगता?"

मास्तरांनी मग सरूचं नाव काढलं. सातवी आली नाही तर सरू जूनपासून शेण थापायला लागेल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे सांगताना त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. कोंडिबानं पागोटं काढलं, डोकं खाजवलं, पुन्हा बांधलं.

"बांधतो," तो म्हणाला. पण काय बांधतो ते तो बोलला नाही, आणि मास्तरांनी विचारलं नाही. इथंच चूक झाली.

काम सुरू झालं तसे सल्ले सुरू झाले. आप्पा रोज सकाळी दातवण चावत येत. मास्तरांच्या मनात कमान कमरेएवढी होती. आप्पा म्हणाले, "दिपोटी काय वाकून बघत्याल व्हय? गावाची अब्रू हाय. माणूस खालनं गेला पायजे." म्हणून ती माणूसभर झाली. कुणी म्हणालं, खांब एकटा उभा राहणार तर तो चांगला रुंद करा. कुणी म्हणालं, समुद्रात मासे लागतात. एका म्हाताऱ्यानं समुद्राचं पाणी खारट असतं अशी बातमी आणली आणि मिठाचं पोतं कुणी द्यायचं यावर चावडीवर अर्धा दिवस गेला. इतक्यात ग्रामसेवक सायकलवरून उतरले.

ग्रामसेवक नवीन होते आणि नियमाला धरून होते. गावठाणात बांधकाम म्हणजे परवानगी पाहिजे, आणि परवानगी म्हणजे अर्ज. मास्तरांनी प्रामाणिक माणसासारखा अर्ज भरला. "बांधकामाचा उद्देश" या रकान्यात त्यांनी लिहिलं: पडण्यासाठी. "बांधकाम किती काळ टिकेल" या रकान्यात लिहिलं: दिपोटीसाहेब येईपर्यंत.

"असं चालत नाही, गुरुजी," ग्रामसेवक म्हणाले. "टिकण्यासाठी बांधलेलं पडलं तर त्याला फॉर्म आहे. पडण्यासाठी बांधलेल्याला फॉर्म नाही."

तरी त्यांनी अर्ज वर पाठवला. आठ दिवसांनी वरच्या कचेरीतून उत्तर आलं. सदर समुद्र गावठाणात आहे की शेतजमिनीत, याचा सातबारा उतारा जोडावा. समुद्रामुळे लगतच्या खातेदारांची हरकत आहे किंवा कसे, याचा पंचनामा करावा. मास्तरांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि शांतपणे चष्मा पुसला. पृथ्वीचा पाऊण भाग पाण्यानं व्यापलेला आहे, हे ते वीस वर्षं शिकवत होते; त्याचा सातबारा कुणाच्या नावे आहे हा विचार त्यांना कधी शिवला नव्हता.

मार्ग आप्पांनी काढला. कागदाच्या बाबतीत आप्पांचा हात धरणारा कुणी नव्हता. "समुद्र कशाला लिवता?" ते म्हणाले. "जनावरांसाठी पाण्याचा हौद, आन् हौदाला शोभेची कमान. एवढं लिवा." तसं लिहिलं आणि चौथ्या दिवशी मंजुरी हातात पडली. त्या आनंदात मंजुरीचा कागद कुणी नीट वाचला नाही. रतनबाईंनी तो आपल्या मुलाकडून वाचून घेतला.

कमान पुरी होऊन खड्ड्यात पाणी सोडलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची म्हैस चांदी समुद्रात बसलेली होती. कपाळावर पांढरा टिळा असलेली, अंगानं थोराड आणि स्वभावानं रतनबाईंसारखीच ठाम.

"रतनबाई, हे शाळेचं काम आहे," मास्तर म्हणाले.

"कागदावर जनावराचा हौद हाय, मास्तर. समुद्राचं नाव बी न्हाई त्यात. माझी चांदी जनावर न्हाई का?"

मास्तर वर्गात परतले. पुढचे तीन आठवडे चांदी रोज दुपारी दीडच्या सुमारास येई, कमानीखाली उभी राही आणि दरडीकडच्या दगडांशी मान लावून काहीतरी करत बसे. मास्तर वर्गाच्या खिडकीतून पाहत. म्हैस आहे, खाजवत असेल, असं त्यांना वाटे. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला म्हैस म्हणजे काय हे कळतं, असा त्यांचा समज होता.

कमान पुरी झाली त्या दिवशी मात्र गाव बघत राहिलं होतं. काळ्या दगडाची, दरडीतून निघून पुढच्या जाड खांबावर टेकलेली, अंगानं भरलेली कमान. दिसायला ती ओबडधोबडच होती. कोंडिबानं चित्र पाहून दगड मुद्दाम वेडेवाकडे ठेवले होते. मास्तरांनी तिच्याखाली उभं राहून वर पाहिलं आणि क्षणभर त्यांना शिरूरचा तो पडदा आठवला.  त्यांनी कोंडिबाला नुसता हात जोडून नमस्कार केला.

पण गावाच्या लेखी ही कमान म्हणजे वेस होती. कमान दिसली की गाव तिला वेसच म्हणणार. आणि नव्या वेशीला नारळ फोडल्याशिवाय तिच्याखालून कुणी जात नाही. त्यातून आप्पांच्या पुतण्याचं लग्न तोंडावर आलेलं. वरात नव्या वेशीतून न्यायची असं ठरूनही गेलं. त्या दिवसापुरतं खड्ड्यातलं पाणी उपसून काढलं.

"मास्तर, तुमच्यात नारळ चालतो का?" आप्पांनी अदबीनं विचारलं.

"खायला चालतो."

मग असं झालं, की नारळ कोंडिबानं फोडला आणि मास्तरांनी शेजारी उभं राहून मान खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना केली. कोंडिबानं देवाजवळ मागितलं, ही कमान कधी न पडो. मास्तरांनी मागितलं, ही कमान वेळेवर पडो. एकाच कमानीसाठी एकाच वेळी वर दोन अर्ज गेले आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. वरच्या त्या कचेरीतही बहुधा फॉर्म नसावा. नवरदेव बाशिंग सांभाळत वाकून कमानीखालून गेला, ताशे वाजले, दहा-बारा पोरं वर चढून नाचली, आणि कमान जागची हलली नाही. मास्तरांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

शंका आली ती दिपोटी यायच्या आदल्या दिवशी, आणि ती मुंग्यांनी आणली. मास्तर शेवटची पाहणी करत होते. खांबावरून मुंग्यांची रांग वर चालली होती, शिस्तीत, दगडांच्या सांध्यासांध्यांतून. मास्तरांनी बोट लावलं आणि चाटून पाहिलं. गोड होतं.

"कोंडिबा," ते शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाले, "चुन्यात काय घातलंय?"

कोंडिबानं नजर चुकवली नाही. "गुळवे मामांच्या गुऱ्हाळातनं काकवी आणली दोन घागरी. गूळ बी घातला. बेलफळाचं पाणी घातलं. आमच्या आज्याची रीत हाय. आणखी शंभर वर्सं बघायला नको."

"मी तुम्हाला पडणारी कमान सांगितली होती."

"मास्तर, तुमी शिकलेली मान्सं. पर दिपोटी काय पडक्या कमानीला सातवी देतोय व्हय? त्यो म्हनंल, ज्या गावाला धड कमान बांधता येत न्हाई त्या गावाला फायनल कशाला? माझ्या नातीचा वर्ग हाय. मी कच्चं काम कसं करू?"

यात मास्तरांना काहीच चूक काढता येईना, हीच मोठी अडचण होती. ते घरी आले. राहेलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि न विचारता चहाचं आधण ठेवलं.

दिपोटी सकाळी नऊला येणार होते. रतनबाईंनी मोठ्या मनानं चांदीला दुपारपर्यंत अडकवून ठेवायचं कबूल केलं होतं. पण यवतहून येणारी गाडी वाटेत बंद पडली. साहेब उसाच्या बैलगाडीवर बसून साडेबारा वाजता पोचले. उंच, काळेसावळे, कमी बोलणारे. आल्या आल्या त्यांनी शेरेबुक मागितलं, स्वतःचाच शेरा वाचला आणि म्हणाले, "चला. भूगोल."

सगळा गाव खड्ड्याभोवती होता. सहावीचा वर्ग दरडीवर रांगेत बसवला होता, अकरा मुली पुढे. मास्तरांनी खणखणीत आवाजात धडा सांगितला. लाट काय करते, भेग कुठे पडते, गुहा कशी होते, कमान कशी होते. मग त्यांनी हात वर केला. आप्पांनी इंजिनाचं चाक फिरवलं, धक् धक् धक् करून इंजिन लागलं, नळीतून पाणी दणादणा कमानीवर आपटू लागलं. आठ गडी फळ्या घेऊन खड्ड्यात लाटा उठवत होते.

"आता छत कोसळेल," मास्तर म्हणाले.

कोसळलं नाही. दहा मिनिटं झाली. वीस झाली. फळीवाले गडी बदलले. कमान न्हाऊनमाखून पूर्वीपेक्षा जास्त देखणी दिसायला लागली. कोंडिबा हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या तोंडावर नातीची काळजी आणि घराण्याचा अभिमान आळीपाळीनं येत होते. पाऊण तासानं इंजिनाचं तेल संपलं. मग जी शांतता झाली तिच्यात दिपोटींनी विचारलं, "गुरुजी, तुम्ही समुद्र पाहिलाय?"

आप्पांनीच उत्तर दिलं. "व्हय सायेब. मास्तरांनी सोता बघितलाय. या डोळ्यांनी."

मास्तरांनी गावाकडे पाहिलं. हे गाव गेले दोन महिने त्यांच्या त्या एका वाक्यावर दगड वाहत होतं, पाणी ओढत होतं, पंचनामे करत होतं. त्यांनी दरडीवर पाहिलं. सरू पाटीवर कमान काढत बसली होती. एवढ्या मुलांपुढे उभं राहून आणखी एकदा ओढूनताणून खरं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं.

"नाही साहेब," ते म्हणाले. "मी समुद्र पाहिलेला नाही. लहानपणी शिरूरच्या मिशनमध्ये पडद्यावर चित्र पाहिलं होतं. तेवढंच. गावाला मी पाहिलाय असं सांगितलं, ते बरोबर नव्हतं."

 मास्तरांना आपला कोट एकदम फार मोठा वाटायला लागला. आप्पांनी दातवणाची काडी तोंडातून काढली. आणि तेवढ्यात दीड वाजला.

दीड वाजला हे कळायला घड्याळ लागलं नाही. रतनबाईंच्या गोठ्यातला खुंटा उपटून, दावं फरफटवत चांदी गर्दीतून वाट काढत आली. कबूल केलं होतं ते रतनबाईंनी, चांदीनं नव्हे. ती सरळ पाण्यात उतरली, कमानीखाली गेली, दरडीकडच्या नेहमीच्या जागी मान वर केली आणि दगडांच्या सांध्यात जीभ घातली. लप् लप् आवाज सगळ्यांना ऐकू आला. तीन आठवडे ती खाजवत नव्हती. ती चुन्यातला गूळ खात होती. सांधा वीतभर पोकळ झाला होता. जीभ पुरेना तेव्हा तिनं शिंग घातलं आणि एक हिसका दिला.

एक दगड निसटला. चांदी दचकून मागे सरकली आणि पाणी उडवत बाहेर पळाली. मग दुसरा दगड, मग कुरकुर असा आवाज, आणि मग सबंध छत एकाच वेळी खाली आलं. पाणी दरडीवर उडालं, पुढे बसलेल्या अकरा मुली नखशिखांत भिजल्या. धूळ आणि तुषार खाली बसले तेव्हा इकडे नुसती दरड होती आणि तिकडे पाण्यात, कशाचाही आधार नसलेला, काळा खांब एकटा उभा होता.

 मास्तरांनी बोट पुढे केलं. "सागरी स्तंभ," ते म्हणाले.

दिपोटी मुलांकडे वळले. "काय दिसलं?"

सरू उठली. वेणीतून पाणी गळत होतं. "सायेब, छप्पर पडलं, खांब ऱ्हायला. एवढं इंजिन लावलं तवा पडलं न्हाई. म्हस रोज येऊन त्याच जागी जरा जरा चाटत हुती, ते कुणाला कळलं न्हाई. समुद्र बी असाच करत आसंल. रोज येत आसंल आन् त्याच जागी चाटत आसंल."

दिपोटी पुन्हा खांबाकडे वळले.

"माझं गाव मालवणच्या बाजूला," ते म्हणाले. "घराच्या मागं पाण्यात असाच एक खांब आहे. माझ्या वडिलांच्या लहानपणी तिथं कमान होती म्हणत. मी जन्मलो तेव्हा खांबच उरला होता. ती पडताना कुणी पाहिली नाही. मी नेहमी विचार करायचो, कशी पडली असेल." त्यांनी चष्मा काढून त्यावरचं पाणी पुसलं. "आज पाहिली."

कोंडिबा पुढे झाला. त्याचे डोळे भरले होते, पण मुद्दा सोडायला तो तयार नव्हता. "सायेब, एक इनंती हाय. पाण्यानं पडली न्हाई ती. तेवढं कागदावर घ्या."

शेरेबुक तिथंच, बैलगाडीच्या जुवावर ठेवून लिहिलं गेलं. साहेब निघून गेल्यावर सरूनं ते मोठ्यानं वाचलं. "सहावी. भूगोल. शिक्षकांनी समुद्र पाहिलेला नाही. मुलांनी पाहिला. सातवीचा वर्ग जूनपासून उघडण्याची शिफारस करीत आहे. ता. क. कमान पाण्याने पडलेली नाही." ताजा कलम कोंडिबानं तीनदा वाचून घेतला.

मास्तरांना वाटलं होतं, गाव आता काहीतरी बोलेल. पण आप्पा जवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, आमी तरी कुठं बघितलाय समुद्र? चला, जेवाया." एवढ्यावर ते मिटलं.

त्या संध्याकाळी राहेलबाईंनी ताटात भाकरी वाढली. मास्तर आज नेहमीपेक्षा ताठ बसले होते.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले, "या सुट्टीत एकदा जाऊन समुद्र बघूनच यावा. तुम्हीही चला."

राहेलबाईंनी थोडा विचार केला.

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही समुद्र पाहिलेला नाही हे आता सरकारी कागदावर आलंय. पाहून आलात तर साहेबांचा शेरा खोटा पडेल, आणि सातवी परत जाईल."

हे मास्तरांना पटलं. फायनलला सरू केंद्रात पहिली येईपर्यंत तरी त्यांनी समुद्राचं नाव काढलं नाही.